ओल्या रंगाचा कठडा

माझ्या मामाला हात आवरत नाहीत. कुणाच्या बुटाची नाडी सुटली की हा बांधणार, चहाचा कप टेबलाच्या कडेला दिसला की आत सरकवणार. जित्याची खोड म्हणतात ती हीच. एरवी माझा त्यात फायदाच आहे, कारण मामा हाच माझा मदतनीस. मी शर्यतीत घोडे पळवते आणि माझे कपडे, बूट, खोगीर, चाबूक सगळं तो सांभाळतो.

पण आमच्याकडे एक नियम आहे. शर्यतीआधी जॉकीचं खोगिरासकट वजन होतं, आणि शर्यत संपल्यावर पुन्हा होतं. घोड्यावरून उतरल्यापासून काट्यावर चढेपर्यंत जॉकीला किंवा तिच्या खोगिराला दुसऱ्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मध्येच कोण काय सरकवेल, काय सांगावं! गेल्या महिन्यात मी पहिली आले, खोगीर उतरवलं, हात गळून गेले होते म्हणून ते घसरलं, आणि मामानं झेललं. मायेनंच झेललं हो, पण हातातोंडाशी आलेला घास गेला. शर्यत दुसऱ्याला दिली.

तेव्हापासून ट्रेनरसाहेब त्याला घालवायला टपले होते. मामा नाही तर मीही नाही म्हणून मी अडून बसले, तेव्हा कुठे ते आजच्या एका शर्यतीपुरते कबूल झाले. आज परत हात लावला, तर जॉकींच्या खोलीत त्याला पाऊल टाकता येणार नव्हतं. आणि त्या खोलीवाचून मामाचं काही खरं नाही. स्वतः जॉकी होता तेव्हापासून त्याची सगळी हयात तिथल्याच बाकांवर गेली. सुटीच्या दिवशी घरी तो नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरतो आणि आईच्या डब्यांची झाकणं घट्ट करतो.

दुपारी त्यानं मला तयार केलं. पांढरी विजार, छातीचं जाकीट, वरून घोडीच्या मालकांच्या रंगांचा हिरवा-पिवळा रेशमी सदरा. वाऱ्यानं बाह्या फडफडू नयेत म्हणून मनगटांवर रबर. हेल्मेटवर एकावर एक तीन चष्मे, चिखलानं वरचा भरला की तो खाली ओढायचा. एरवी हे करताना त्याची टकळी सुरू असते. त्याच्या काळी वजन उतरवायला रबरी कपडे घालून भर उन्हात कसे पळायचे, अर्ध्या अंड्यावर दिवस कसा काढायचे. माझी गोष्ट उलटी. मी इतकी हलकी, की ठरलेलं वजन भरायला माझ्या खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालाव्या लागतात. आम्ही उपाशी मेलो आणि हिला शिसं भरवतात, असं तो साऱ्या खोलीला ऐकवायचा. रिटायर झाल्यावर त्यानं मागचं सगळं जेवण वसूल केलंय, हे त्याच्या पोटाकडे बघून कुणालाही कळेल.

आज मात्र तो गप्प होता. पट्ट्या त्यानं एकेक करून खिशांत बसवल्या, वाद्या ओढून पाहिल्या, पुन्हा ओढून पाहिल्या. मला त्याचा राग यायला हवा होता, पण कीव येत होती, आणि ती रागापेक्षा वाईट.

बाहेर, खोगिरं उतरवतात त्या जागेच्या कठड्याला सकाळीच पांढरा रंग दिला होता. त्यावर पाटी लावलेली, 'रंग ओला आहे, हात लावू नका.' ट्रेनरसाहेबांनी मामाला ती बोटानं दाखवली आणि म्हणाले, तुमच्यासाठीच लिहिलीय बघा. चारचौघं हसली. मामाही कसंनुसं हसला. मला ते हसणं फार झोंबलं.

शर्यतीचं काय सांगू? जमीन ओली होती, दोन चष्मे चिखलात गेले, तिसऱ्यातून शेवटचा खांब दिसला. घोडी शहाणी, मी तिच्या मध्ये आले नाही एवढंच माझं कर्तृत्व. मानेएवढ्या फरकानं आम्ही पहिल्या आलो.

खरी शर्यत उतरल्यावर होती. बोटं वळत नव्हती. खोगिराच्या तंगाचं, म्हणजे घोडीच्या पोटाखालच्या पट्ट्याचं, बक्कल चिखलानं घट्ट बसलेलं. मामा कठड्यापलीकडे, माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा. बक्कल एकदाचं सुटलं, खोगीर अंगावर आलं, आणि मला ते पेललं नाही. धपकन खाली पडलं.

मी मामाकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत नव्हती. त्याचे हात आता येणार, आले, असं वाटत राहिलं.

नाही आले. मी वाकले, खोगीर, कापड, सगळं छातीशी कवटाळलं आणि काट्याकडे निघाले.

"थांब," मामा म्हणाला. आवाज अगदी साधा, कप आत सरकवताना असतो तसा. "माझ्या पायाशी बघ."

पडताना खिशाची वादी सुटून एक पट्टी घसरत गेली होती. कठड्याच्या खालून थेट त्याच्या बुटापासून बोटभर अंतरावर थांबलेली. तशीच काट्यावर गेले असते तर वजन कमी भरलं असतं आणि शर्यत पुन्हा गेली असती. तो वाकला असता तरीही गेली असती. मी गुडघ्यावर बसले, कठड्याखालून हात घातला आणि त्याच्या पायाशी पडलेली पट्टी उचलली.

काट्यावर चढले. काट्यावरचे साहेब बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक."

ट्रेनरसाहेबांनी मामाकडे बघून मान डोलावली आणि ते घोडीकडे गेले.

मी खोगीर घेऊन मामापुढे उभी राहिले. "आता घे."

त्यानं हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. दोन्ही तळवे पांढरेफटक. मागे कठड्यावर त्याची दहाही बोटं उमटली होती.

"हात धुऊन येतो," तो म्हणाला. "मालकांच्या सदऱ्याला रंग लागेल."

मला रडूच फुटलं. खोगीर तसंच त्याच्या हातांत दिलं आणि त्याला मिठी मारली.

"लागू दे," म्हटलं. "धुवायचा तुलाच आहे."