बाबांच्या जागेवर

थीम पार्कला जायचं ठरलं त्या दिवसापासून मला घरात एका जागी बसवेना. तशी मी शांत बसणाऱ्यातली नव्हेच. एका बिस्किटांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. भट्टीला आग लागली, गॅस गळला, तर कोणी कुठून बाहेर पडायचं, कोणी कोणाला ओढून काढायचं, याचे सराव घेणं हे माझं काम. आग अजून एकदाही लागलेली नाही. तरी मी दर महिन्याला भोंगा वाजवते आणि लोक मला शिव्या घालत आवारात जमतात. शिव्या घातल्या तरी चालतं, जमले पाहिजेत.

सहलीचं निमित्त माझा नवरा. तो मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतो. वर्षातला बराचसा काळ समुद्रात आणि उरलेला आमच्याकडे, पाहुण्यासारखा. आमची थोरली सतत हुकूम सोडत असते म्हणून आम्ही तिला मुकादम म्हणतो. मागच्या सुट्टीत ही मुकादम बाबा दिसला की सोफ्यामागे दडायची. त्याने खेळणी आणली, घोडा झाला, गाणी म्हटली, सगळे उपाय करून झाले. शेवटी ती आपणहून त्याच्या मांडीवर येऊन झोपली, ती नेमकी त्याच्या निघायच्या दिवशी. तिला मांडीवरून खाली ठेवताना मी त्याचा चेहरा पाहिला, आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

धाकटा तेव्हा नुकताच जन्मला होता, कापडात गुंडाळलेलं गाठोडं, आणि तेच नाव त्याला चिकटलं. आता गाठोडं दुडुदुडु चालायला लागलं होतं. त्याच्या लेखी बाबा म्हणजे फोनमध्ये राहणारा एक हसरा माणूस. त्यात या वेळची सुट्टी आणखी तोकडी होती. नवरा फोनवर म्हणाला, "या खेपेला मला सोफ्यासमोर बसून वाट बघायची नाही. कुठेतरी जाऊया, जिथे पोरांना मला धरावंच लागेल."

ते वाक्य मला झोंबलं आणि पटलंही. धरावंच लागेल अशी जागा म्हणजे थीम पार्क. गर्दी, गोंगाट, उंच पाळणे, अंधाऱ्या बोगद्यातून जाणारी होडी. एवढ्याशा पोरांना तिथे नेणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं, असं मला कारखान्यात झाडून सगळ्यांनी सांगितलं. पोरांना काही आठवणार नाही, रडतील, झोपेची वेळ टळली की आकाशपाताळ एक करतील. सगळं खरं होतं. पण मला त्यांच्या आठवणी नकोच होत्या. होडी बोगद्यात शिरताना गाठोड्याने बाबाला घट्ट धरावं, आणि तेही सुट्टीच्या सुरुवातीलाच, एवढंच मला हवं होतं.

मग मी कामाला लागले. पार्कचा नकाशा भिंतीवर चिकटवला. कुठला पाळणा एवढ्या लहान मुलांना चालतो, बाबागाडी कुठे ठेवायची, दुपारी सावली कुठे असते, लंगोट बदलायची सोय कुठे, हे सगळं पार्कच्या चौकशी विभागाला फोन करकरून विचारलं. शेवटी शेवटी तिथली मुलगी माझा आवाज ऐकताच उसासा टाकायची. कपांच्या पाळण्याचं दार आतून उघडतं की बाहेरून, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मॅडम, तुम्ही आधी एकदा येऊन तर बघा. रागच आला मला. न जाता सगळं कळावं म्हणून तर फोन करत होते.

नुसत्या नकाशाने माझं भागेना. कागदावर सगळं बरोबर असतं. भोंगा वाजला की माणसं जिन्याकडे न जाता आपला डबा आणायला धावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून घरातच सराव सुरू केला. दोन खोल्यांमधल्या बोळात खुर्च्या मांडून रांग केली. जेवणाच्या टेबलावर चादरी टाकून बोगदा केला. कपडे भिजवायचा मोठा टब ही होडी. पार्कमध्ये एक माणसाएवढा ससा हिंडतो असं कळलं होतं. त्याला पाहून मुलं भेदरू नयेत म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंना, डोक्यावर उशीचा अभ्रा घालून दारातून आत या, अशी गळ घातली. काकू बिचाऱ्या आल्या. मुकादम म्हणाली, काकू, तुमची चप्पल दिसतेय. सशाचा प्रश्न तिथेच मिटला.

राहिली बाबाची जागा. आमच्या कारखान्यात एक साधा नियम आहे. सरावाच्या दिवशी जो माणूस हजर नसेल त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. भट्टीवाला रजेवर असला तर त्याचं जॅकेट दुसऱ्याने चढवायचं, त्याच्या जागी उभं राहायचं, आणि सराव संपेपर्यंत सगळ्यांनी त्याला भट्टीवालाच म्हणायचं. खऱ्या नावाने हाक मारली की गोंधळ होतो. तेव्हा बाबा समुद्रात म्हटल्यावर मी माझ्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो पलीकडच्या गल्लीत राहतो, दुकानांमधले फ्रीज दुरुस्त करतो, आणि मला नाही म्हणायची त्याची आजवर छाती झालेली नाही. नवऱ्याचं जुनं जॅकेट त्याच्या अंगावर चढवलं. माझा भाऊ मुळात बुटका, ते त्याला गुडघ्यापर्यंत आलं.

"बाबा, रांगेत या," मी ओरडायचे. सरावात मी सगळ्यांनाच अहो-जाहो करते. "बाबा, गाठोड्याला उचला. बाबा, बोगदा आला, छातीशी धरा."

तो उचलायचा, छातीशी धरायचा, मान खाली घालून टबात बसायचा आणि टबासकट टेबलाखालून सरकायचा. भाऊ कामावरून परतताना रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. पहिल्यांदा बोगद्यात गाठोडं असं किंचाळलं की काकू विचारायला खाली आल्या. हळूहळू ते गप्प राहायला लागलं. मग तर बोगदा यायच्या आधीच दोन्ही मुठींनी जॅकेट पकडायला लागलं. माझं काळीज सुपाएवढं झालं.

एका संध्याकाळी जॅकेट काढता काढता भावाने विषय काढला. "ताई, हा मला बाबा म्हणतो."

"सरावात म्हणायचंच असतं."

"सराव संपल्यावरही म्हणतो. काल रस्त्यात म्हणाला."

मी त्याला उडवून लावलं. लहान आहे, विसरेल, तू उद्या जरा लवकर ये. त्याचं बोलणं कानावर पडलं नव्हतं असं नाही. पण माझं सगळं डोकं त्या वेळी बाबागाडीच्या घडीत अडकलं होतं, आणि एक गोष्ट हातात घेतली की दुसरी मला दिसत नाही. नवरा नेहमी म्हणतो, तुला आग दिसत नाही, फक्त जिना दिसतो.

मला दिसलं ते फोनवर. माझ्या सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने जहाजावरून फोन लावला, चित्र अडखळत होतं, आवाज मागून येत होता. मुकादमने त्याला रांगेचे नियम ऐकवले. मग मी गाठोड्याला पुढे धरलं आणि म्हटलं, बघ कोण आहे, बाबा. गाठोड्याने फोनकडे पाहिलंच नाही. मान वळवून दाराकडे बघितलं, तिकडे बोट दाखवलं आणि स्पष्ट म्हणालं, "बाबा." नवरा हरखून गेला. मी दारातून येणार हे त्याला कळतंय, म्हणाला. इतकं खूश झालेलं मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हो, कळतं. आणि फोन ठेवला. त्या दारातून रोज संध्याकाळी कोण येतं, ते मला ठाऊक होतं.

त्यानंतर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. भावाला सांगितलं, काही दिवस येऊ नकोस. जॅकेट माळ्यावर टाकलं. नवऱ्याचा फोटो मोठा करून आणला आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगला. घासागणिक फोटोकडे बोट दाखवून बाबा, बाबा करायचे. गाठोडं मुकाट्याने घास घ्यायचं, कधी फोटोलाही भरवायला बघायचं, पण बाबा म्हणेना. संध्याकाळ झाली की ते दाराशी जाऊन बसायचं. तळहाताने दारावर थापट्या मारत हाका मारायचं, आणि दार उघडत नाही म्हणून रडायचं. एक बाप समुद्रात होताच, दुसरा मी घरी बसवला होता. कामावरही चित्त लागेना. एकदा तर भोंगा वाजवायचाच विसरले, आणि लोक आपले आवारात येऊन माझी वाट बघत उभे.

नवऱ्याला सांगून टाकावं असं रोज वाटायचं. शब्द जुळवून ठेवायचे, आणि फोन लागला की हवापाण्याचं बोलायचे. मला भीती कशाची वाटत होती? त्याच्या रागाची नाही. त्या दिवशी फोनवर हसला तसा तो पुन्हा हसणार नाही, याची वाटत होती.

तो आला त्या दिवशी बंदरावर गाडी घेऊन भावालाच जावं लागलं, कारण गाडी त्याच्याकडेच आहे. मी बजावून सांगितलं होतं की फाटकाशी सोड आणि निघ, वर येऊ नकोस. पण नवऱ्याजवळ दोन जड पेट्या होत्या, आणि माणसाला ओझ्यासकट जिन्याखाली सोडून जाणं माझ्या भावाच्या रक्तात नाही.

दार उघडलं. पुढे नवरा, उन्हाने रापलेला, केस बारीक कापलेला. मागे पेटीआड भाऊ. मुकादम क्षणभर थबकली, आणि मग माझा विश्वास बसेना, सरळ जाऊन बाबाच्या पायाला बिलगली. तिच्या मागून गाठोडं निघालं. हात वर करून, बाबा, बाबा करत, पडत-धडपडत. नवरा खाली बसला, त्याने दोन्ही हात पसरले. गाठोडं त्याच्या हाताखालून निघून मागच्या पेटीपर्यंत गेलं आणि भावाच्या पॅन्टला लोंबकळलं.

भावाने पेटी खाली ठेवली, पण गाठोड्याला उचललं नाही, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. गाठोडं रडायला लागलं.

"उचल त्याला," नवरा म्हणाला. "रडतंय ते."

मग मी बोलले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सरावाचा नियम, जॅकेट, टब, हाका. हे मी तुझ्याचसाठी केलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. नवरा ऐकत होता, मुकादम त्याच्या पावलांवर पाय ठेवून उभी होती. तो चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. मी म्हटलं, उद्याचं पार्क रद्द करते. नाहीतर आपण चौघंच जाऊ, भाऊ येणार नाही. बोगद्यात तू त्याला घे, रडलं तर रडू दे, शेवटी तुलाच धरेल, दुसरं असणार कोण तिथे.

"नको," तो म्हणाला. "भीती दाखवून धरायला नाही लावायचं. ते मी म्हटलं होतं, पण चुकलंच माझं."

भिंतीवरच्या नकाशासमोर तो जरा वेळ उभा राहिला. मग त्याने विचारलं, "तुझ्या सरावात मामा कुठे उभा राहतो?"

मी आठवून पाहिलं. रांग, बोगदा, टब. "मामाला जागाच नव्हती," मी म्हटलं. "सरावात मामा नव्हताच."

"मग मला तिथे उभं कर."

मला आधी उमगलंच नाही. भावाला उमगलं. भावोजी, असं नका हो करू, एवढंच तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. नवऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. उद्या सगळ्यांनीच जायचं, म्हणाला. पोरगं ज्याला धरायचं त्याला धरेल, जवळ मी असेन. नाव पुढे केव्हाही बदलता येईल, आधी ओळख तर होऊ दे. हसून बोलत होता, पण दुसऱ्या हाताने पेटीचा पट्टा ओढत आणि सोडत होता. मला ते बघवेना.

खुर्च्या मीच मांडल्या. टेबलावर चादर टाकली, टब आणला. बाबा मामा होणार हे कळल्यावर मुकादमला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने त्याला भिंतीजवळ नेऊन उभं केलं आणि, मामा, हलायचं नाही, मामा, रांग मोडायची नाही, असा दम दिला. भाऊ गाठोड्याला कडेवर घेऊन टबाशी उभा राहिला, खाली मान घालून.

सरावात हाक मी मारते. नेहमीसारखी पुढे झाले, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. अख्खा कारखाना आवारात काढणारी बाई मी, आणि मला एक हाक मारता येईना. नवरा भिंतीशी वाट बघत होता. मी गप्प झालेली पाहून त्याने मान हलवली, म्हण.

"मामा," मी म्हटलं, "पुढे या."

तो पुढे आला. गाठोडं भावाच्या खांद्यावरून त्या रापलेल्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिलं. नवऱ्याने हात पुढे केला नाही, लाडीगोडी लावली नाही. भाऊ पोराला घेऊन टबात बसल्यावर त्याने टबाची कड धरली आणि हळूहळू ढकलायला लागला. मामा, जोरात, मुकादम मागून ओरडत होती, मामा, बोगदा आला. चादर वर गेली, खाली आली, आणि टब टेबलाच्या पलीकडे निघाला.

गाठोडं टबात उभं राहिलं. त्याला पुन्हा जायचं होतं. ते माझ्याकडे वळलं नाही, भावाकडे वळलं नाही. ढकलणाऱ्याच्या छातीला बोट लावलं आणि म्हणालं, "मामा."

मला रडू आवरेना. बापाला आयुष्यात पहिल्यांदा मारलेली ही हाक होती, आणि ती अशी मारायला मीच शिकवली होती.

"ओ," नवऱ्याने लगेच उत्तर दिलं, आणि टब पुन्हा टेबलाखाली ढकलला.