मंगरूळपीरमधला हातभर समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे आणि माझ्या पोटात समुद्र आहे. हसू नका. आमच्या मंगरूळपीरहून खरा समुद्र इतका लांब आहे, की इथल्या पुष्कळ माणसांनी तो जन्मात पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही. तरी मी तो रोज सांभाळते.

तरुणपणी मी कारंजा लाडच्या एका कापड दुकानाच्या दर्शनी भागात उभी असे. लोक माझ्यातून पलीकडच्या साड्या बघत, माझ्याकडे कोणी बघत नसे. पुढे दुकानाचं रूप पालटलं आणि मला मागच्या बोळात भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर धुळीचे थर चढले. मंगरूळपीरला खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या हबीबभाईंनी मला तिथून आणलं. त्यांनी माझे पाच तुकडे केले, तेव्हा मला रडू कोसळलं. मग तेच तुकडे चिकटवून त्यांनी माझी पेटी केली.

त्या पेटीत शुद्ध पाणी आलं, त्यात मोजून विरघळवलेलं समुद्री मीठ आलं आणि खडबडीत दगड आले. मासे मात्र आले नाहीत. घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आधी दगडांवर वाढावे लागतात. हबीबभाई रोज माझ्यासमोर बसून वाट बघत. शेजारच्या तुळसाबाई डोकावून म्हणाल्या, "काहून रे हबीब, दगड पाळून राह्यला का?"

हबीबभाई हसले आणि पुन्हा दगडांकडे बघत बसले.

अखेर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी आली आणि बोटभर प्रवाळ आलं. एका सकाळी माझ्यावरचा दिवा लागताच त्या प्रवाळाने आपली इवली तोंडं उघडली. मित्रांनो, ते फूल नव्हतं, जिवंत प्राणी होता! एकाच देहावर अशी शेकडो तोंडं, आणि सगळी पाण्याच्या लाटेबरोबर डुलत होती. मी आजवर भरजरी शालू पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं. तुळसाबाईंनी तर डोक्यावरचा पदर सावरून हात जोडले. मेच्या उन्हात पाणी तापू नये म्हणून हबीबभाईंनी माझ्यावर पंखा लावला, स्वतः मात्र घाम पुसत बसले.

मग हबीबभाईंच्या भाचीच्या लग्नासाठी त्यांचं सारं घर कारंज्याला गेलं. तुळसाबाईंना सांगून ठेवलं होतं, माशांना दिवसातून एकदा त्यांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे टाका. दाण्यांची डबी हातात घेऊन त्या पुटपुटल्या, "एवढ्याशानं कोणाचं पोट भरते?" तळ्यावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायची त्यांना सवय. त्यांनी मायेने कणीक मळली आणि मूठभर गोळ्या माझ्यात सोडल्या. संध्याकाळी पुन्हा सोडल्या.

दुसऱ्या दिवशी माझं पाणी ताकासारखं झालं. प्रवाळाने तोंडं मिटली. मासे वर येऊन धापा टाकू लागले. माझ्याच पोटात ते गुदमरत होते आणि मला काहीच करता येत नव्हतं. घाण पाणी बदलावं म्हणून तुळसाबाईंनी नळाखाली बादली लावली. ते गोडं पाणी माझ्यात पडलं असतं, तर सगळंच संपलं असतं. पण बादली उचलण्याआधी त्यांनी हबीबभाईंना फोन केला.

"मह्यामुळं मरून राह्यले रे तुह्ये मासे."

हबीबभाई म्हणाले, "मावशी, नळाचं पाणी टाकू नोका. मागच्या खोलीत निळ्या ड्रमात खारं पाणी तयार हाय. पह्यले गोळ्या काढा, मंग अर्धं पाणी काढा, मंग ड्रमातलं हळूहळू टाका. मी येतोच."

साठी उलटलेल्या तुळसाबाईंनी तांब्या तांब्याने माझं अर्धं पोट रिकामं केलं आणि तांब्या तांब्याने भरलं. मध्येच त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं.

"समुद्र असा लागते काय," त्या हळूच म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

हबीबभाई दुपारच्या एसटीने आले, तेव्हा एक मासा पाण्यावर तरंगत होता. दुसरा तळाशी हळूहळू पोहत होता. त्यांनी मेलेला मासा ओंजळीत घेतला. तुळसाबाई मान खाली घालून उभ्या होत्या.

"म्या तं मायेनं देल्लं होतं बापा."

"मले मालूम हाय, मावशी. राह्यलेला तुमीच वाचवला."

प्रवाळाने आठवडाभर तोंड उघडलं नाही. तुळसाबाई रोज येऊन माझ्यासमोर बसत. एका सकाळी दिवा लागला आणि कडेचं एक तोंड उघडलं, मग दुसरं, मग सगळी उघडली. तुळसाबाई लहान मुलीसारख्या रडल्या.

आता माशाला खाऊ त्याच घालतात. हबीबभाईंनीच त्यांना ते काम दिलं. मासा काचेला नाक लावून आणखी मागतो, नाचतो, अगदी लाडात येतो. तुळसाबाईंचा हात डबीकडे जातो आणि तिथेच थांबतो. मित्रांनो, तुमच्या घरी कुठलाही मुका जीव असो, त्याला तुमच्या पोटाच्या मापाने भरवू नका. त्याची भूक त्याची असते.

"बस झालं राजा," त्या म्हणतात आणि डबीचं झाकण लावतात.