अहिल्याबाईंची माती

मागच्या अंगणातले भाजीचे सहा वाफे आपल्या हातून जाणार, हे अहिल्याबाईंना नकाशा बघूनच कळलं. मुलानं, प्रतापनं, तो जेवणाच्या टेबलावर पसरला होता. घर, मागची झाडी, वाऱ्याचे बाण आणि बरोबर वाफ्यांवर लाल पेन्सिलीचा गोल.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात बारा एकर झाडी आणि तिच्या तोंडाशी घर, असं हे बिऱ्हाड. प्रताप आठवड्यातून तीन दिवस पार्सिपनीला ऑफिसात जाई. तिथल्या मित्रांनी त्याला धनुष्यबाणाच्या शिकारीचा नाद लावला होता. दोन हिवाळे झाडीत गारठून झाले, हरीण काही मिळालं नाही. आता त्यानं फूड प्लॉट करायचं ठरवलं होतं. हरणांना आवडेल असा चारा पेरायचा, ती रोज चरायला येऊ लागली की बाजूला दबा धरून बसायचं. आणि प्लॉट घराजवळच हवा, म्हणजे मागच्या दारातून चार पावलांत मचाणावर जाता येईल, झाडीत माणसाचा वास पसरणार नाही.

"बारा एकरांत तुला दुसरी जागा नाही मिळाली?" अहिल्याबाईंनी विचारलं.

त्यानं हिशेब सांगितला. बाकी सगळीकडे सावली. ऊन इथंच, आणि माती तयार. त्यानं वाफ्यांतली मूठभर माती तपासायलाही पाठवली होती. रिपोर्ट इतका चांगला आला होता की चुना नको, खत नको, नुसतं बी फेकायचं. हे त्यानं आईला मोठ्या आनंदानं सांगितलं.

अहिल्याबाईंनी ओतूरजवळच्या रोपवाटिकेत तीस वर्षं रोपं वाढवली होती. तीन वर्षांपूर्वी त्या इथं आल्या तेव्हा मागं नुसती पिवळी चिकणमाती आणि दगड होते. कुदळ मारली की ठिणगी उडे. झाडीतला कुजलेला पाला, चहाचा चोथा, कांद्याची सालं, शेजारच्या घोडेवाल्याकडची लीद, असं करत करत त्यांनी वीतभर काळी माती बनवली होती. भोवती हरणं येऊ नयेत म्हणून उंच जाळी. ती जाळी प्रतापनंच ठोकून दिली होती. आता त्याच हरणांना तो पानं वाढून बोलावणार होता.

त्यांनी हे बोलून दाखवलं. प्रताप म्हणाला की मेथी आयसेलिनच्या देशी दुकानांत हवी तेवढी मिळते, एक जुडी म्हणशील तर दहा आणतो. मग त्यानं पुढचे नियमही सांगून टाकले. ऑक्टोबरपासून दुपारी चारनंतर मागच्या अंगणात कुणी जायचं नाही. कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि संध्याकाळी फोडणी बंद, कारण हिंगाचा वास थेट प्लॉटवर जातो.

"हरणांना हिंग चालत नाही, आणि आई चालत नाही," अहिल्याबाई म्हणाल्या. "सुनेला विचारलंस का, ती चालते का?"

चारुतानं फोनमधून मान वर केली नाही. ती फार्मसीत दिवसभर उभी असे. घरी आल्यावर या भांडणात तिला उभं राहायचं नव्हतं.

"आई, प्लीज. डिस्कशन नकोय मला," प्रताप म्हणाला. "जमीन माझ्या नावावर आहे."

"जमीन तुझी. माती माझी आहे."

तो हसला. ते हसणं अहिल्याबाईंना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला ऑफिसच्या कामानं दोन आठवडे टेक्ससला जावं लागलं. जाताना त्यानं जाळी उपटून गॅरेजमध्ये ठेवली आणि गॅरेजला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्याबाईंनी पदर खोचला, एकचाकी गाडा बाहेर काढला आणि वाफ्यांतली काळी माती खोऱ्यानं भरायला घेतली. दिवसाला दहा-बारा खेपा. घराला वळसा घालून पुढच्या हिरवळीवर, रस्त्याच्या कडेला. त्या हिरवळीसाठी प्रताप दर शनिवारी मशिन फिरवत असे. कंबर धरली की त्या पायरीवर बसत, पाणी पीत आणि पुन्हा उठत. चारुता संध्याकाळी गाडीतून उतरे, मातीच्या नव्या ढिगाकडे बघे आणि आत जाऊन आंघोळीचं पाणी गरम आहे एवढंच सांगे. नवऱ्याला तिनं फोनवर काही सांगितलं नाही.

प्रताप परतला तेव्हा पुढं सहा वाफे होते आणि मागं सहा पिवळे खड्डे.

"हे काय केलंस?"

"माझं होतं ते नेलं."

तो बराच वेळ बोलत राहिला. लोक बघतात, शेजारी काय म्हणतील, सत्तरीत कंबर मोडली तर इथले डॉक्टर कोण करणार. शेवटी म्हणाला की तुला भारतात पाठवून देतो.

"काढ तिकीट. मातीचं सामान किती किलो चालतं, तेही विचारून ठेव."

त्यानं तिकीट काढलं नाही, पण हट्टही सोडला नाही. चांगली माती विकत आणली असती तर आईचं म्हणणं खरं ठरलं असतं. म्हणून त्यानं खड्डे सपाट केले आणि रिपोर्ट गेलेल्या मातीचा होता तरी त्यावरच भिस्त ठेवून चिकणमातीत बी फेकलं. चार दिवस पाऊस पडला. पाणी साचलं, वर पापडी धरली, बी खाली कुजलं. अहिल्याबाईंनी पुढच्या वाफ्यांसाठी जाळी मागितली. गॅरेजची किल्ली त्यानं खिशातून काढली नाही. माय-लेक एका टेबलावर जेवत, आणि मीठ हवं असलं तर चारुताला मागत.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे प्रताप शिकारीचे कपडे चढवून खाली आला, तेव्हा आई पुढच्या खिडकीशी अंधारात उभी होती. तो शेजारी येऊन थांबला.

पाच हरणं होती. चार माद्या, आणि मधोमध रुंद शिंगांचा एक नर. दोन वर्षं प्रताप ज्याचे नुसते ठसे बघत आला होता, तोच. तो अहिल्याबाईंच्या मुळ्यावर मान खाली घालून उभा होता. पालक सगळा संपला होता. कोथिंबीर एक मादी मुळासकट उपटत होती.

खिडकीपासून वीस पावलं. मागं रस्ता, आणि रस्त्यापलीकडं शेजाऱ्यांचं घर, त्यांच्या मुलांच्या खोलीत दिवा लागलेला. इथं बाण सोडणं कायद्यात बसत नव्हतं, आणि कायदा नसता तरी त्याला जमलं नसतं.

"निदान हाकलतो तरी," तो म्हणाला, आणि काचेवर थापटायला त्यानं हात उचलला.

अहिल्याबाईंनी त्याचं मनगट धरलं. खोऱ्यानं घट्टे पडलेला तो हात त्याला सोडवता आला नाही.

"खाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुला हवी होती ना? घराजवळ हवी होती. बघ आता."

तो बघत राहिला. त्याही बघत राहिल्या, सहावा वाफा रिकामा होईपर्यंत.