उतरलेल्या सेलवरचं गाणं

कॅसेटी वाटून झाल्यावर चूक कळली. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या खोलीत रक्षितानं टेप लावला. गाणं सुरुवातीला ठीक होतं, मग शिवलीलाचा आवाज चिडलेल्या पोरीसारखा बारीक होत पळायला लागला.

“अक्का, ह्यो माझा आवाज न्हाय.”

रक्षिता फिजिक्स शिकलेली. कारण लगेच उमगलं. वीज गेली म्हणून रेकॉर्डिंग सेलवर केलं होतं. सेल उतरत गेले, तशी फीत हळू फिरत गेली. आता विजेवर पुऱ्या वेगानं लावली की गाणं पुढंपुढं पळणारच. कॉपी करण्याआधी तिनं फक्त सुरुवात ऐकली होती.

ते २००३ साल. पुण्याहून आलेल्या एका कॅसेटवर त्यांनी फोक पंक ऐकलं: लोकगीतांच्या चाली, साधी गिटार, ओरडून गाणं, सगळं घरीच केलेलं. मग कॅसेट कंपनीची वाट कशाला बघायची? रक्षिताची गिटार, शेजारच्या गुंडूची हलगी, आणि शाहूवाडीची मावसबहीण शिवलीला. भातलावणीच्या चालीवर तिनं थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीचं गाणं रचलं होतं. कव्हर झेरॉक्सचं.

तीच कॅसेट ऐकून हातकणंगल्याच्या पोरांनी त्यांना रविवारी बोलावलं होतं.

“मी न्हाय येणार. लोक हसत्याल,” शिवलीला म्हणाली.

“हसू देत की,” गुंडू म्हणाला. “एसटी पळल्यागत वाटतंय. जमत न्हाय म्हण की सरळ!”

“तुझी हलगी तरी धड वाजती का रं?”

“तुझ्या चालीनंच म्हण,” रक्षिता म्हणाली. “कॅसेट मी पुन्हा करते. पण तू नसलीस तर गाणंच नाही.”

शिवलीला आली.

स्टेशनजवळच्या रिकाम्या गोदामात पोरं पोत्यांवर बसली होती. पहिलं कडवं संथ झालं. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ पावणं, कॅसेटवानी म्हणा की!”

शिवलीलाचा चेहरा उतरला. ती आता गाणं सोडून निघून जाणार, असं रक्षिताला वाटलं. गुंडूनं वेग वाढवला नाही. तो तिच्याकडं बघत राहिला.

मग शिवलीलानंच पायानं ठेका धरला, मघापेक्षा जलद. तिसऱ्या कडव्यात ती ओरडून गात होती. आवाज बारीक नव्हता, जाडाभरडा होता, तिचा होता. हलगी मागं राहिली तशी तिनं गुंडूला हातानं खुणावलं: चल.

रक्षिताचं बोट तारेवरून घसरलं. कुणी थांबलं नाही. तीही चुकीच्या सुरावरूनच पुढं धावली.