शर्टाचा अर्क

गुणाबाईने प्लास्टिकच्या पिशवीची गाठ दातांनी सोडली, पण पिशवी उघडली नाही. तोंड मुठीत आवळून तिने ती काउंटरवर ठेवली आणि वर पाहिलं.

"आधी पंखा बंद करा जी."

बाबूभाईने पंखा बंद केला. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि नागभीडचं ऊन आतापासूनच अंगावर यायला लागलं होतं. स्टेशनच्या रस्त्यावरचं ते टिनाचं अरुंद दुकान पंख्याशिवाय भट्टीसारखं तापायचं. पण गुणाबाई जुनी ओळखीची. घोडाझरीकडच्या रानात दिवाळीनंतर बाबूभाईची तेलाची भट्टी लागायची, तेव्हा तिखाडीचं गवत कापायला ती यायची आणि तिचा नवरा नानाजी भट्टीचा जाळ सांभाळायचा. तिच्यासाठी एवढा घाम गाळायला बाबूभाईची हरकत नव्हती.

"दाखवा. गुडघे धरले का पुन्हा?"

बाबूभाईच्या दुकानात प्रत्येक दुखण्याला एक शिशी होती. सांध्यांना तिखाडी, सर्दीला निलगिरी, उन्हाळी लागली तर वाळा, डोकं भणभणलं तर पुदिना. पोटातून घेतलेलं औषध रस्त्यात चहा पीत थांबतं, नाकातून घेतलेलं सरळ डोक्यात पोचतं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची आणि शिशी घेऊन जायची. रिकाम्या हाती कुणाला परत पाठवणं त्याला जमतच नसे.

"गुडघे राहू द्या," गुणाबाई म्हणाली. तिने पिशवीत हात घालून एका शर्टाची कॉलर तेवढी बाहेर काढली. राखाडी चौकटीचा शर्ट, कॉलर मळून काळी झालेली. "प्रवीणचा हाय. याचा वास काढून द्या."

बाबूभाईचं हसू तिथेच थांबलं. प्रवीण म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. ऊर्जानगरला खोली करून राहायचा, तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ठेकेदाराकडे कामाला होता. पोळ्याला गावी आला तो ताप घेऊनच. मलेरिया डोक्यात चढला आणि पोरगा गेला. मातीला बाबूभाईही गेला होता.

"धुवून निघणार नाही का?" तो हळूच म्हणाला. "लिंबाचं तेल देऊ? सोड्यात टाकून..."

गुणाबाईने कॉलर झटकन पिशवीत कोंबली.

"धुवाले नाई जी! धुतला तं जाईन ना तो. मले वास काढून पायजे. शिशीत."

मग लहान मुलाला समजवावं तसं तिने बाबूभाईला समजवायला घेतलं.

"तिखाडीचा काढता का नाई तुमी? देगीत गवत कोंबता, खालून जाळ लावता, अन् वास सारा तेलात उतरते. मंग उरलेल्या गवताले काई वास राहते का?"

"नाई राहत."

"मंग! गवताचा निंगते तं माणसाचा काऊन नाई निंगन? भट्टीचे दिवस नाई, मले समजते. पण एक शर्ट तं हाय. लहान देग लावा."

उत्तर बाबूभाईकडे होतं. गवताच्या पात्यात तेल असतं, कापडात नसतं. कापड वाफेवर ठेवलं तर हाती येईल ते उकळलेल्या चिंधीचं पाणी, आणि शर्टात जे काही उरलंय तेही वाफेबरोबर निघून जाईल. हे सगळं तो कुणालाही सांगू शकला असता. हिला सांगणं त्याच्याने होईना.

"माह्यासाठी नाई म्हणत मी," गुणाबाई म्हणाली. "बुढ्याले झोप नाई. हा शर्ट उशाले घेऊन पडते तेव्हा कुठी डोळा लागते. अन् वास तं उडून चालला. कापूर उडते ना, तसा. पिशवीत कोंडला, पेटीत ठेवला, तरी कमीच होऊन राह्यला. एखाद दिवस पुराच गेला तं काय करू?"

बाबूभाईने पिशवी ओढून घेतली आणि तिच्यात नाक घातलं. आपल्या नाकाचा त्याला फार तोरा होता. वर खोबरेल तेल होतं. खाली घाम, विडी, कोळशाची धूळ, पावसातली ओल. आणि सगळ्यांच्या तळाशी त्याची स्वतःचीच तिखाडी. प्रवीण गावी जाता-येता दुकानात थांबायचा आणि खांद्यांना चोळायला शिशी न्यायचा. "कंपनीत मले सारे गवत म्हणते, काका," असं सांगून हसायचा. बाबूभाईला रडू फुटेल असं वाटलं. त्याने पिशवीचं तोंड घट्ट पिळलं.

"ठेवून जा," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी या."

तिला खोटी आशा लावायचा त्याचा विचार नव्हता. घरी लोणच्याची काचेची बरणी होती, घट्ट फिरकीच्या झाकणाची. शर्ट तिच्यात ठेवायचा, झाकणावर मेण लावायचं आणि बाजाराच्या दिवशी खरं सांगून बरणी हातात द्यायची. वास त्यात निदान वर्षभर तरी टिकला असता. एवढं ठरवून तो पिशवी घेऊन घरी आला. तोवर दुपार कलून असरची अजान झाली. पिशवी खुंटीला अडकवून तो चपला घालत होता तेव्हा त्याची बायको नसीम न्हाणीतून बाहेर आली.

"ये किसका है?"

"गुणाबाई का. बेटे का शर्ट है। बास निकालने को दिया है," असं म्हणून तो मशिदीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला आला तेव्हा शर्ट अंगणातल्या तारेवर वाळत होता. कॉलर स्वच्छ झाली होती. नीळ दिलेली होती. छातीवरचं एक बटण तुटलेलं होतं, त्या जागी तसलंच दुसरं लावलेलं होतं.

नसीम ओसरीवर तांदूळ निवडत होती. "दो बार साबुन लगाना पड़ा," ती म्हणाली. "अब बिलकुल बास नहीं। बेचारी, बेटे का कपड़ा धोने का दिल नहीं हुआ होगा उसका। मैंने सोचा, अपन धो देते।"

बाबूभाई तारेखाली उभा राहिला. त्याने कॉलर नाकाला लावली, बगल लावली, बाही उलटी करून आतली शिवण हुंगली. साबण. सगळीकडे साबण.

त्याला बायकोवर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं. काल दुकानात ‘वास काढणं’ या शब्दांनी तो स्वतः फसला होता, आणि घरी येऊन त्याने तेच शब्द तसेच तिच्या हातात दिले होते. तो ओसरीवर बसला आणि गुणाबाईने काय मागितलं होतं ते त्याने नसीमला सांगितलं. नसीमचा हात सुपातच राहिला.

"या अल्ला," ती म्हणाली. "मेरे हाथ से धुल गया वो बच्चा।" मग ओढणी तोंडावर घेऊन ती रडायला लागली. ताटं वाढायची दोघांनाही आठवण राहिली नाही.

त्या दिवसापासून दुकान बंद केलं की बाबूभाई मागच्या खोलीत शिश्या मांडून बसू लागला. तिखाडी तर त्याच्याकडे होतीच. विडीतला तंबाखू त्याने खोबरेलात भिजत घातला. रुळाच्या कडेला पडलेला दगडी कोळशाचा तुकडा आणला, कुटून त्याची पूड त्याच तेलात मुरवली आणि तेल फडक्याने गाळलं. पावसात भिजलेल्या कपड्याला येतो तसा वास नागरमोथ्यात सापडला. घामावर गाडी अडली. शेवटी जिऱ्याच्या तेलाचा एक थेंब टाकला तेव्हा कुठे शिशीत कुणीतरी हाडामासाचं आहे असं वाटलं.

नसीमने शिशी हुंगली. डोळे मिटून पुन्हा हुंगली.

"आदमी का है," ती म्हणाली. "उसका नहीं है।"

बाबूभाईलाही ते कळत होतं. नाक होतं त्याला.

बाजाराच्या दिवशी नवरा-बायको दोघंही आले. नानाजी वाळून काटकी झाला होता. भट्टीच्या वेळी ओल्या लाकडावर ओरडणारा, तेल जरा करपलं तर लांबूनच ओळखणारा माणूस. तो आता दुकानाच्या पायरीवर काठी टेकवून, परक्याच्या घरी आल्यासारखा अवघडून उभा राहिला. बाबूभाईने स्वतःहून पंखा बंद केला. शिशी खिशात होती, पण ती काढायची नाही असं त्याने ठरवलं होतं. आधी चूक कबूल करायची, मग त्यांनी शिव्या दिल्या तर त्या खायच्या. त्याने घडी केलेला शर्ट काउंटरवर ठेवला.

"गुणाबाई, माझ्या हातून एक..."

पण गुणाबाईने शर्ट उचललासुद्धा. घडी मोडून तिने त्यात तोंड खुपसलं. किती तरी वेळ तिने तोंड वर काढलं नाही. बाबूभाई खाली मान घालून उभा राहिला. आता ही हंबरडा फोडणार, रस्त्यावरचे लोक गोळा होणार, आणि तसं झालं तर ते योग्यच, असं त्याला वाटत होतं.

गुणाबाईने तोंड वर काढलं. तिचे डोळे चमकत होते.

"निंगला," ती नवऱ्याला म्हणाली. "पुरा निंगला पाहा. याच्यात काईच नाई राह्यला. गवतावानी कोरा झाला." मग ती बाबूभाईकडे वळली. "मंग साबन लावला वाट्टे? बरं केलं. आता ठेवून तरी काय फायदा होता? शिशी कुठी हाय?"

बाबूभाईचा हात आपोआप खिशात गेला आणि शिशी बाहेर आली.

गुणाबाईने ती दोन्ही हातांत घेतली. झाकण काढलं, पण स्वतः हुंगली नाही. तिने ती नवऱ्यापुढे धरली.

"तुमी घ्या पयले."

नानाजीने काठी भिंतीला लावली आणि शिशी नाकाशी नेली. एकदा वास घेतला, थांबला, पुन्हा घेतला. मग त्याने शिशीवरून बाबूभाईकडे पाहिलं. भट्टीवर तेल बिघडलं की तो असाच पाहायचा. बाबूभाईने नजर चुकवली.

"काऊन जी?" गुणाबाईचा आवाज चिरकला. "नाई काय?"

नानाजीने बायकोकडे पाहिलं. तिने शर्ट छातीशी धरला होता आणि नवीन लावलेलं बटण अंगठ्याने चाचपत होती.

"होय," नानाजी म्हणाला. "तोच हाय."

तेव्हा तिने शिशी घेतली. हुंगली. "माह्या प्रव्या," ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली. मातीच्या दिवशी बायका तिला रडवायचा प्रयत्न करत होत्या आणि ती दगडासारखी बसली होती, हे बाबूभाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिचं रडणं थांबत नव्हतं. नानाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाजारातून येणारे-जाणारे क्षणभर थांबत आणि पुढे जात.

बऱ्याच वेळाने ती उठली. शिशी कमरेच्या पिशवीत खोचली, शर्टाची नीट घडी घातली आणि बाबूभाईला हात जोडले. दोघं रस्त्याला लागली. बाबूभाईने काउंटरला टेकून तोंडावरून हात फिरवला. त्याला स्वतःची शिसारी आली होती, आणि तरीही तिला रडताना पाहून बरं वाटलं होतं.

पायरीवर सावली पडली. नानाजी एकटाच परत आला होता. भिंतीला टेकवलेली काठी त्याने उचलली, पण तो गेला नाही.

"जिरं हाय ना त्याच्यात?"

बाबूभाईला वाटलं, याचे पाय धरावेत. "नानाजी, घरात चुकून धुतला गेला. मी सांगणारच होतो. आत्ता जाऊन सांगतो त्यांना."

"नोका सांगू तिले."

"पण तुमची झोप... त्या म्हणत होत्या, तुमाले झोप नाई येत."

नानाजी समोरच्या एसटीडी बूथच्या सावलीत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत होता. तिने कमरेची शिशी काढून पुन्हा नाकाला लावली होती.

"मले येते," तो म्हणाला. "मी पडलो का घोरतो. पोरगा गेला अन् मले झोप येते, लाज वाटते मले. बुढीच बसून राह्यते रातभर, शर्ट तोंडाले लावून. दुसऱ्याले कसं सांगन? म्हणून माह्यं नाव सांगते."

बाबूभाईने बूथकडे पाहिलं.

"हे शिशी सरली का मी येईन," नानाजी म्हणाला. "असाच करून देत जा. तुमाले तं चांगला कराची सवय हाय, पण काई सुधरवू नोका. जिरं बी राहू द्या. आता हाच प्रवीणचा वास हाय."

काठी टेकत तो पायरी उतरला आणि बूथकडे गेला. तो जवळ जाताच गुणाबाईने शिशी लपवली आणि पदराने तोंड पुसलं. दोघं बाजाराच्या गर्दीतून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

बाबूभाईचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. शिशी उघडली होती त्या जागी तो वास अजून थोडासा रेंगाळत होता. त्याने पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.