खुंटीवरची फ्लॉपी

“चुनखडी एकशे चाळीस?” धर्मराजने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. काल तो चाळीस होता. भट्टीत काय किती किलो घालायचं ते सांगणारी हीच चिठ्ठी दहा वाजता भट्टीवर जायची आणि सव्वानऊ होऊन गेले होते.

काल सुटायच्या आधी त्याला ही चिठ्ठी काढणारा प्रोग्राम नीटनेटका करायची हौस आली होती. चार ओळी बदलल्या आणि जुन्याच नावाने, त्याच फ्लॉपीवर ठेवून दिल्या. चांगला चाललेला प्रोग्राम त्याने स्वतःच्या हाताने पुसला होता. आता आधी काय होतं ते आठवेल तर शपथ! घाबरलेल्या माणसाला घरचा पत्ता सांगता येत नाही, ह्या तर ओळी.

साल शहाऐंशी. बेळगावच्या लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत लागून त्याला चारच महिने झाले होते. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून खोकला जडलेल्या कोंडाबाईचा हा मुलगा, वस्तीतला पहिला डिप्लोमावाला. रुजू झाला त्या दिवशी मॅनेजर दत्तोपंत हसत म्हणाले होते, “बघू, तुमच्या लोकांना जमतंय का.” म्हणजे आज तो एकटा नापास होणार नव्हता, अख्खी वस्ती होणार होती.

प्रोग्रामचे जुने छापील कागद मागच्या कोऱ्या बाजूवर आखायला पॅटर्न शॉपला, साच्यांचे लाकडी नमुने बनवणाऱ्या सुतारांकडे, जात. ते आठवलं तसा तो पळत सुटला.

“भावकूअण्णा, घात झाला! प्रोग्राम बिघडीवला मी. जुना न्हाय ऱ्हायला.”

म्हाताऱ्या सुताराचा रंधा थांबला. “जुना ठेवल्याबिगर हात कसा लावलास रं?” त्याने भिंतीकडे बोट केलं. खुंट्यांवर लाकडी पॅटर्न टांगलेले. प्रत्येकावर नंबर, तारीख, काय बदललं आणि कुणी. “बदल करायचा तर नवं लाकूड घ्यायचं. वतलेला माल पास हुईपतूर जुना खुंटीवर.”

एकावर लिहिलं होतं : ‘चूक. दोन सूत जादा कापला. भावकू.’

“ह्यो कशाला ठेवलाय, अण्णा? सायेब बगतील की.”

“बगू दे. म्होरच्यानं परत तितंच कापाय नगं.”

कागदांच्या ढिगात मार्चमधली प्रत सापडली. मागे कसल्याशा चाकाची आखणी होती, पण पुढची अक्षरं शाबूत होती. धर्मराजने या खेपेला नवी फ्लॉपी घेतली. त्याने ओळ न् ओळ टाइप केली. दहाला पाच कमी असताना पडद्यावर चाळीस उमटले आणि त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

चिठ्ठी भट्टीवर गेली. कुणाला काही कळलं नव्हतं. गप्प बसायचा मोह फार होता.

नव्या फ्लॉपीच्या पाकिटावर त्याने लिहिलं, ‘१. मूळ.’ बिघडलेल्या फ्लॉपीच्या पाकिटावर, ‘२. चूक. चुनखडीची ओळ बदलली.’ तेवढ्यात बाहेर दत्तोपंतांचे बूट वाजले. पेन थांबलं.

मग त्याने खाली नाव घातलं. वस्तीचं नाही, एकट्याचं : धर्मराज. त्या बिघडलेल्या फ्लॉपीच्या पाकिटाला दोरा ओवला आणि दारातून येणाऱ्याला आधी तेच दिसेल असं किल्ल्यांच्या खुंटीवर अडकवलं.