चौदा नंबरची बाटली

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरांना ताप म्हटला की टायफॉइडच दिसायचा. तळमजल्यावर बावीस वर्षं रक्त तपासणाऱ्या ताईंना या माणसाची मनापासून किळस यायची. विडाल या टायफॉइडच्या झटपट चाचणीत काचपट्टीवर चार दाणे दिसले की स्वारी घोड्यावर! जुना ताप येऊन गेलेल्याच्या रक्तातही दाणे दिसतात, हे ताईंनी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

खरी परीक्षा कल्चरची. बाटलीत रक्त घालून सात दिवस उबेत ठेवायचं. जंतू वाढले की बाटली गढूळ होते. पण रक्त औषधाआधी घ्यायला हवं, आणि डॉक्टरांच्या वॉर्डातले दिवटे आधी इंजेक्शन टोचून मग रक्त पाठवायचे. त्यात काय डोंबल वाढणार? म्हणून त्या वॉर्डाच्या बाटल्या ताई सात दिवस ठेवतच नसत. तिसऱ्या दिवशी 'वाढ नाही' लिहायचं आणि बाटली टाकाऊ टोपलीत.

"गाढवापुढे वाचली गीता," त्या म्हणायच्या. "फुकट जागा कशाला अडवायची?"

चौदा नंबरच्या खाटेवरच्या शिंप्याची बाटलीही अशीच गेली.

पाचव्या दिवशी टोपली वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हकडे नेताना ताई थबकल्या. चौदा नंबरची बाटली गढूळ झाली होती. त्यातला थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर जंतूंची नुसती वळवळ. त्यांनी घाईघाईने तिचा फॉर्म काढला. कोपऱ्यात वॉर्डातल्या नव्या नर्सने लाल शाईत लिहिलं होतं, 'औषधाआधी घेतलं आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे.' तो कोपरा त्यांनी वाचलाच नव्हता.

बाटली घेऊन त्या धापा टाकत वर गेल्या. शिंपी पोट धरून कण्हत होता. बायको त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. मोठ्या डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं.

"टायफॉइडचं औषध मी परवाच थांबवलं," ते म्हणाले. "तुमचा रिपोर्ट होता ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं ऐकलं, ताई. आता आतडं फुटलंय की काय, ते बघायला सर्जनला बोलावलंय."

ताईंना त्या क्षणी स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी या माणसाचीही कधी आली नव्हती.

नवी नर्स धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, रक्त घेताना माझं काही चुकलं का हो?"

"नाही गं," ताई म्हणाल्या. "तू बरोबर घेतलं होतंस."